स्मरणिकेतले अर्धे पान

“हा परिच्छेद काढून टाका,” रविंद्र म्हणाला.

संतरामने चष्मा कपाळावर सरकवला. वसमतच्या खुल्या व्यावसायिक स्नूकर स्पर्धेचा तो पहिल्या वर्षापासूनचा चिटणीस. यंदा स्पर्धेला पंधरावे वर्ष लागले म्हणून तिचा इतिहास तो स्मरणिकेत छापणार होता.

“काहून? चुकलं काय काही?”

“प्रमोदचं नाव एका ओळीत हाय आन् माझं अर्ध्या पानात. जिंकला तर तो होता.”

“कप त्यानं नेला सर, पण स्पर्धेला इज्जत तुमी देली.” संतराम हसला. “फोटो नको, कौतुक नको. मंग तुमाला टेबलाच्या कापडाखाली झाकून ठेवावं काय?”

रविंद्रने ते अर्धे पान पुन्हा वाचले. २०११ची पहिली अंतिम फेरी. निर्णायक डाव. टेबलावर एकटा काळा चेंडू उरलेला. काळ्याचे गुण सात, रविंद्र चार गुणांनी मागे. काळा पॉकेटमध्ये गेला की चषक त्याचा. नेम सरळ, पॉकेट हातभर अंतरावर. रविंद्र वाकला, थांबला, आणि सरळ उभा राहून म्हणाला, ‘फाऊल. माझं बोट पांढऱ्या चेंडूला लागलं.’ पंचाला काही दिसले नव्हते. प्रेक्षकांनाही नाही. काळ्यावर फाऊल झाला की डाव तिथेच संपतो. तसा तो संपला. तेव्हापासून प्रत्येक अंतिम फेरीपूर्वी दोन्ही खेळाडू हिरव्या कापडावर तळहात टेकवून शपथ घेतात: माझा फाऊल मी स्वतः सांगेन.

दरवर्षी हा प्रसंग माईकवरून सांगितला जाई. लोक उठून उभे राहत, आणि रविंद्र खाली बघत बसे. त्याला सगळे विनय समजत. हळदीच्या हंगामात या गावातल्या माणसांच्या नखांच्या कडा पिवळ्या होतात आणि कितीही धुतल्या तरी तशाच राहतात. त्याची लाज तशी होती. फरक इतकाच, की ती कुणाला दिसत नव्हती. त्या अंतिम फेरीनंतर तो पुन्हा स्पर्धेत उतरला नाही. पोरांना स्नूकर शिकवत राहिला.

गेल्या वर्षी वारंगा फाट्यावर त्याच्या गाडीचे चाक पंक्चर झाले. टायरच्या दुकानात समोर आला तो प्रमोद.

“सोडलं काय खेळणं?” रविंद्रने विचारले होते.

“कवाच. लोक म्हणायचे, तुला कप दान भेटला.” प्रमोद नळीतून हवा भरत राहिला. “तुमचा काय कसूर सर? तुमी तर खरं बोलले.”

ते वाक्य रविंद्रला वसमतपर्यंत पुरले. नंतरही पुरत राहिले.

“ते पान राहू द्या,” संतराम आता म्हणाला. “चला. आज आपल्या पोरीचा दिवस हाय.”

हळदीच्या गोदामाच्या माडीवरचा हॉल भरून गेला होता. ऐश्वर्या ही रविंद्रच्या बहिणीची, पद्माबाईची मुलगी. सहा वर्षे ती शिरड शहापूरहून सकाळच्या बसने येत होती. अंतिम फेरी गाठणारी जिल्ह्यातली ती पहिली मुलगी. समोर हैदराबादचा मुरलेला खेळाडू. हा चषक तिला मिळावा, एवढेच रविंद्रला हवे होते. आपल्या घराण्यात तो एकदा तरी खरोखर यावा.

तिने कापडावर तळहात टेकवला. शपथ घेतली.

चार-चार डावांची बरोबरी झाली. नवव्या, शेवटच्या डावात गुलाबी चेंडू पॉकेटमध्ये पडला तेव्हा दुपार कलली होती. आता टेबलावर काळा एकटाच होता. ऐश्वर्या पाच गुणांनी मागे. नेम सरळ. असा चेंडू तिने सरावात हजार वेळा मारला होता, आणि हजारातला एकही चुकल्याचे रविंद्रला आठवत नव्हते.

ती वाकली. हातातला लांब क्यू एकदा मागे-पुढे झाला, दोनदा झाला. मग थबकला. माडीवर इतकी शांतता पसरली, की खाली पोती ओढल्याचा आवाज ऐकू आला.

ऐश्वर्या सरळ उभी राहिली.

“फाऊल,” ती म्हणाली. “माझं बोट लागलं.”

पंच गोंधळला. नंतर त्याने मान डोलावली, आणि सगळा हॉल एका दमात उठून उभा राहिला. हैदराबादच्या खेळाडूने चषक घेण्याआधी तिच्यापुढे हात जोडले. संतराम रुमालाने डोळे टिपत होता.

“घ्या सर! एक परिच्छेद काढा म्हणत होते, आता दुसरा लिहावा लागून राहिला.”

त्या पोरीने हाताशी आलेला चषक सोडला होता तो रविंद्रच्या गोष्टीवर विश्वास ठेवून. आज तिला सगळे सांगायचे, नंतर ती तोंड बघो न बघो, असे ठरवून तो जिना उतरला.

गोदामाच्या दारात ऐश्वर्या एका पोत्यावर बसली होती. येणारा-जाणारा तिच्या डोक्यावर हात ठेवून जात होता. “वा रे पोरी! मामाचं नाव काढलंस.” ती हसत नव्हती. रडतही नव्हती.

गर्दी पांगेपर्यंत रविंद्र थांबला. मग तिच्या शेजारी बसला.

“ऐशू, तुला एक गोष्ट सांगायची हाय. त्या वर्षी फायनलला...”

“आधी माझं ऐका मामा.” तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. “माझं बोट लागलंच न्हवतं. हात कापून राहिले होते. चुकले असते तर लोक हसले असते. फाऊल म्हणलं की उभे राहतात.”

रविंद्र खाली बघू लागला. ती त्याच्याकडे बघत राहिली. हळूहळू तिच्या चेहऱ्यावरचे भय ओसरले आणि त्या जागी काही वेगळेच आले.

“मामा,” तिने अगदी हळू विचारले, “तुमचंबी लागलं न्हवतं ना?”