आपला वाचणारा

चर्चच्या दारात उल्कामावशी सॅनिटायझरची बाटली घेऊन उभ्या होत्या. येणाऱ्याच्या तळहातावर थोडे थोडे ओतायचे आणि मास्कच्या वर दिसणाऱ्या डोळ्यांवरून माणूस ओळखायचा, असे त्यांचे चालले होते. या तरुणापाशी मात्र त्या थबकल्या.

"जय ख्रिस्त. आपण कोण? नवीन दिसता."

त्याने नाव सांगायला तोंड उघडले. "यो..." एवढेच बाहेर पडले. पुढचे अक्षर नेहमीसारखे घशात अडकून राहिले.

"थांब, थांब. हा आवाज मी ओळखते!" मावशींनी बाटली खिडकीत ठेवून दिली. "योएल ना रे तू? रविवारी वाचणारा?"

त्याने मान हलवली.

"अगं बाई, केवढासा आहेस! आवाजावरून मला वाटलं, चांगला भरदार गडी असणार." त्या हसल्या, मग जरा थांबून म्हणाल्या, "आजारपणात उशाशी फोन ठेवून पडलेली असायचे मी. पडद्यावर तुझं नुसतं गोलातलं अक्षर. त्याच्याकडे काय बघायचं? डोळे मिटून ऐकत राहायचे." आणि त्याला काही सुचायच्या आत त्यांनी आत हाक दिली, "अहो पाळकसाहेब, आपला वाचणारा आला!"

योएल हिंजवडीच्या नोकरीसाठी पुण्यात आला आणि लगेच टाळेबंदीत सगळे बंद झाले. विश्रांतवाडीच्या या मंडळीची उपासना त्याने वारजेच्या खोलीतूनच ऑनलाइन पाहिली. पाळकसाहेबांनी ग्रुपवर विचारले होते, 'शास्त्रवाचन कोण करील?' त्याने होकार लिहून पाठवला, कारण लिहिताना जीभ लागत नाही. कॅमेरा बंद, दिवा बंद, उजेड फक्त पडद्याचा. त्या अंधारात शब्द विनासायास वाहत. समोर माणसाचा चेहरा आला की ते आटतात, हे येथे कोणालाच ठाऊक नव्हते. आज मागच्या बाकावर बसावे, सर्वांना एकदा पाहावे आणि आशीर्वचन संपताच निघून जावे, एवढेच त्याने ठरवले होते.

पाळकसाहेब लगबगीने आले. "फार छान झालं! मग आजचं स्तोत्र तूच वाच. किती दिवस लपून वाचणार?"

'नाही' म्हणायलाही जीभ लागते. ती हलली नाही. पाळकसाहेबांनी मौनालाच होकार समजून त्याच्या खांद्यावर थोपटले.

उपासना सुरू झाली. एकाआड एक बाकांवर चिकटपट्टीच्या फुल्या होत्या. फुली नसलेल्या काही जागाही रिकाम्याच होत्या. तेथे नेहमी बसणारे आता उरले नव्हते. पहिल्या गीताला आवाज चाचपडत उठले, जणू प्रत्येक जण शेजाऱ्याची परवानगी घेत होता. योएलचे लक्ष दाराकडे होते. दार उघडे होते. बाहेर रिक्षा उभी होती. मग पाळकसाहेबांनी त्याचे नाव घेतले.

तो वाचनपीठापाशी गेला. वर पाहिले, आणि तेच चुकले. सगळे डोळे त्याच्यावर होते. स्तोत्राचा पहिला शब्द 'परमेश्वर' होता. ओठ मिटले ते उघडेनात. एक पंखा करकरत होता. ही शांतता आणखी थोडी लांबली असती, तर तो पुस्तक तसेच टाकून त्या उघड्या दारातून गेला असता आणि पुन्हा कधी आला नसता.

"नेट गेलं वाटतं," पेटी वाजवायला बसलेले रणपिसेकाका हळूच म्हणाले.

थोडे हसू पसरले, लगेच विरले. योएलने दचकून पाहिले. दुसऱ्या बाकावर उल्कामावशींनी डोळे मिटले होते. मान किंचित कललेली होती, जशी उशीवर असते. चेहऱ्यावर कसलीही घाई नव्हती. मग त्यांच्या शेजारच्या बाईंनी डोळे मिटले. मग मागच्या वृद्ध जोडप्याने. कोणी सांगितले नव्हते; तो आवाज ऐकायची त्यांची रीतच ती होती. पाहता पाहता सारी मंडळी डोळे मिटून बसली, आणि भर उजेडात उभे राहून योएलला प्रथमच सगळ्यांकडे निवांत पाहता आले. थकलेल्या पापण्या. पिकलेल्या भुवया. मास्कच्या कडेने ओघळलेले एक आसू.

"प... परमेश्वर," तो म्हणाला.

पुढे तो वाचत गेला. तीन-चार ठिकाणी अडला. तो अडला की मंडळी थांबे. कोणी शब्द पुरवला नाही, कोणी खोकले नाही. तुटलेला आवाज पुन्हा जोडला जाईपर्यंत वाट पाहायला त्या ऑनलाइन रविवारांनी त्यांना शिकवले होते. एरवी असे अडणे त्याला पडण्यासारखे वाटे. आज ते थांब्यासारखे वाटले.

स्तोत्र संपले. त्याने पुस्तक मिटले. वाचन संपल्यावर मुकाट बसण्याची प्रत्येकाला सवय झाली होती.

"अहो मंडळी," उल्कामावशी डोळे न उघडताच म्हणाल्या, "म्यूट काढा की!"

आणि मग तो आला. जाड, चिरका, घोगरा, कोणाचा आधी, कोणाचा मागून, मास्कमधून वाट काढत आलेला "आमेन". इतके रविवार तो वाचत आला होता आणि प्रत्येक वाचनानंतर खोलीत फक्त आपलाच श्वास ऐकत आला होता. आमेन तेव्हाही होतच असणार, घराघरात.

पाळकसाहेबांनी त्याला जागेवर जाण्याची खूण केली. योएलला ती दिसली नाही. तो नाद नीट ऐकता यावा म्हणून त्यानेही डोळे मिटले होते.