पडद्याखालच्या चपला

दुपारी साडेतीनला कामगार खात्याचे अधिकारी कपड्यांच्या दुकानात आले. विक्रीवरच्या पाचजणींना त्यांनी एकेक करून ट्रायल रूममध्ये बोलावलं. मालन शेवटची होती.

“ताई, हातात पगार किती पडतो?”

मालन दरमहा तेरा हजारांवर सही करायची आणि सात हजार घरी न्यायची. खरं सांगणार, तोच पडद्याखाली तिला शेठच्या चपला दिसल्या.

“तेरा, साहेब.”

“मघाच्या चौघीही हेच म्हणाल्या. घाबरू नका.”

“घाबरायचं कशाला? शेठ देवमाणूस आहेत,” ती मोठ्याने म्हणाली.

अधिकाऱ्यांनी चिठ्ठीवर नंबर लिहून दिला आणि पडदा बाजूला सारला.

चपलांत पाय नव्हते. शेठ पलीकडे गादीवर अनवाणी बसून चहा पीत होते.

चौघी घड्या घालत होत्या; एकीनेही मान वर केली नाही. बाहेर अधिकारी हेल्मेट चढवत होते. मालन चिठ्ठी मुठीत धरून काउंटरमागे उभी होती.