ड्युटी संपल्यावरची बस

"दिनभर बस चालाडस, आनि मोबाईलमा बी बसज?" इंद्रसिंग मोठ्यानं म्हणाला, तशी आगारातली विश्रांतीची खोली हसली.

हेमकांतनं वर पाहिलंही नाही. त्याच्या मोबाईलवर एक लाल बस डोंगर चढत होती. वळण आलं तसा त्यानं अंगठा सैल केला, बस हळूच वळवली आणि पुढे नेली.

नवापूर आगारातले बहुतेक चालक-वाहक चाळिशी-पन्नाशीतले. प्रत्येकाचा गेम ठरलेला. कुणी लुडो, कुणी क्रिकेट, कुणी रंगीत गोळ्या जुळवायचा. इंद्रसिंग नुकताच बदली होऊन आलेला कंडक्टर. त्याला बंदुकांचा गेम लागायचा. "दिनभर पब्लिकसंगे गोड बोलनं पडस," तो म्हणायचा, "मंग कोठे तरी गोया झाडाले नको का?" ते सगळ्यांना पटायचं. दिवसभर जे करावं लागतं, त्यापेक्षा वेगळं काहीतरी माणसाला हवंच असतं.

हेमकांतचं मात्र कोडं सुटत नव्हतं. उभी हयात एसटी चालवलेला माणूस मोबाईलमध्येही बस चालवायचा. त्यात पुन्हा गेममध्ये सपाट हायवे होता, मोठं शहर होतं, समुद्राकाठचा रस्ता होता. हा दर वेळी घाटच निवडायचा. आणि इतका सावकाश जायचा की गेम वेळ संपली म्हणून गुण कापायचा. त्याचं त्याला काही नव्हतं.

एका संध्याकाळी इंद्रसिंग विसरवाडीला हेमकांतच्या घरी चहाला गेला. ओट्यावर हेमकांत आणि त्याची बायको शोभाबाई शेजारी शेजारी बसले होते. मोबाईल दोघांच्या मध्ये. बस वळणाशी आली की शोभाबाई डोळे गच्च मिटायची आणि नवऱ्याची बाही मुठीत धरायची. मग हेमकांत बस थांबवायचा. तिनं डोळे उघडले की पुन्हा निघायचा.

"वहिनी, गेम शे हाऊ," इंद्रसिंग हसत म्हणाला.

ती ओशाळली आणि चहा टाकायला उठली.

चहा होतोय तोवर स्वप्नालीचा फोन आला. ही त्यांची एकुलती मुलगी, साक्रीला दिलेली. दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी तिला प्रवासाला सक्त मनाई केली होती.

"आई, मले येता येत नही. तू तरी येशी ना?"

शोभाबाईनं बाहेर येऊन फोन नवऱ्याच्या हातात दिला आणि पुन्हा आत निघून गेली. इंद्रसिंगला ते खटकलं. कोंडाईबारीचा घाट ओलांडला की साक्री कितीशी लांब? नवरा तर रोज तिथूनच बस नेतो. कशी आई आहे ही?

पुढे एकदा तो तिथून जाताना पाहतो, तर मोबाईल शोभाबाईच्या हातात होता. बस ती चालवत होती. हेमकांत नुसता शेजारी बसून शेंगा सोलत होता. आता बायकोलाही वेड लागलं, असं म्हणत इंद्रसिंग पुढे गेला.

त्यानंतरच्या आठवड्यात हेमकांत आणि इंद्रसिंगची नवापूर-धुळे बस सकाळी विसरवाडीच्या थांब्यावर लागली. लोक चढले. दाराशी शोभाबाई कापडी पिशवी घेऊन उभी होती. एक पाय पायरीवर, दुसरा जमिनीवर. चेहरा घामानं भिजलेला. आतून कुणीतरी ओरडलं, "चाला ना भाऊ!" इंद्रसिंगनं घंटीच्या दोरीला हात घातला.

"थांब." हेमकांत स्वतःच्या दारानं खाली उतरला होता. वळसा घालून तो इंद्रसिंगजवळ आला आणि हळूच म्हणाला, "सहा वरीस व्हयनात. घाटमा मोरीपाशी जीप उलटनी व्हती. ती आतमा व्हती. तव्हपाईन ती कोन्तीच गाडीमा बसेल नही."

इंद्रसिंगचा हात दोरीवरून खाली आला. विसरवाडीच्या बाहेर कुठेही न गेलेली सहा वर्षं. मुलीचं लग्नही त्यांनी म्हणूनच दारात केलं असणार. आणि तो मोबाईलमधला घाट हेमकांत रोज संध्याकाळी कुणासाठी चढत होता, ते त्याला आत्ता कळलं. आपण त्याला काय काय बोललो, ते आठवून त्यानं मान खाली घातली.

शोभाबाई समोरच्या डोंगराकडे बघत होती. "हाऊ रस्ता मोबाईलवाला नही," ती म्हणाली.

"नही," हेमकांत म्हणाला. "पन चालाडनारा तोच शे."

ती चढली. चालकाच्या अगदी मागच्या बाकावर बसली.

घाट लागला. इंद्रसिंग तिकिटं द्यायचं विसरून तिच्याकडेच बघत राहिला. पहिल्या वळणाला तिनं समोरचा दांडा दोन्ही हातांनी धरला. ओठ आवळले. डोळे मात्र उघडेच होते. जीप उलटली होती ती मोरी आली, मागे पडली. शोभाबाई मान वळवून मोरीकडे बघत राहिली, ती दिसेनाशी होईपर्यंत. मग तिनं एक हात दांड्यावरून सोडला, पदरानं तोंड पुसलं आणि पिशवी मांडीवर नीट घेतली.

हेमकांत जपूनच चालवत होता. मागून एक ट्रक आला, हॉर्न वाजवत पुढे गेला. मग दुसरा गेला. मग एक लग्नाची जीप, आतली पोरं टाळ्या वाजवत होती.

शोभाबाई पुढे वाकली आणि नवऱ्याच्या पाठीमागून म्हणाली, "अहो, जरासं जोरमा चालाडा ना. पोर वाट देखी ऱ्हायनी."