दहापैकी दहा

बाईंची तक्रार समाधानकारकरीत्या निकाली निघाली, अशी नोंद रजिस्टरमध्ये आहे. ती नोंद आपण वाचलीच नाही असं धरून चालू, कारण बाई अजून खिडकीपाशी उभ्या आहेत.

खिडकी कानाची मशीनं बनवणाऱ्या कंपनीची. वर पाटी : कृपया शांतता राखा. आत पत्रव्यवहार सांभाळणारा कारकून. ऑफिसात त्याला सगळे 'मसुदा' म्हणत. त्याचं पत्र गेलं की गिऱ्हाईक पुन्हा म्हणून तोंड वर काढत नसे, आणि साहेब यालाच प्रभावी पत्रलेखन म्हणत.

बाईंनी पर्समधून त्याची तीन पत्रं काढली. मसुद्याने त्यांना बघताक्षणी ओळखलं. सातवीच्या वर्गशिक्षिका. बाईंनी त्याला ओळखलं नाही. सातवीत त्याला मिशा नव्हत्या.

"तिन्हींत एकच मजकूर," बाई म्हणाल्या, ऐकू न येणारी माणसं बोलतात तशा मोठ्याने. "'आपले मशीन दुरुस्त झाले आहे. ते नेण्यापूर्वी कृपया दूरध्वनीवरून संमती कळवावी.' कळवली की! अकरा वेळा. पलीकडून कोणी बोलत असेल म्हणून थांबून थांबून 'हो, हो' म्हटलं. शेवटी 'ठेवू का?' असं विचारून ठेवला."

शेजारच्या टेबलावरचा टायपिस्ट फिसकन हसला. मसुदा हसला नाही. वाक्य त्याचं होतं. चार वर्षं ते प्रत्येक पत्रात जात होतं, आणि या कंपनीच्या एकूण एक गिऱ्हाइकाला ऐकू येत नाही, ही गोष्ट आज पहिल्यांदा त्याच्या ध्यानात आली.

"मला एकटीला घाई नव्हती हो. पण परवा हे न्हाणीघरात पडले. पाऊण तास मला हाका मारत होते. मी भिंतीपलीकडे भांडी घासत होते." बाईंनी पत्रांच्या घड्या घातल्या. "गाणं म्हणत."

मशीन मसुद्याच्या पाठीमागच्या कपाटात होतं. सव्वा महिना. डबीवर त्याच्याच अक्षरात चिठ्ठी : संमतीच्या प्रतीक्षेत. तशा आणखी एकोणचाळीस डब्या तिथे रांगेत बसल्या होत्या.

"पत्र मात्र सुरेख हं," बाई म्हणाल्या. "मायना, विषय, संदर्भ, कुठे बोट ठेवायला जागा नाही. तीस वर्षं पत्रलेखन शिकवलं मी. दहापैकी दहा एकाच पोराला दिले. त्याच्या तोडीचं आहे."

मसुदा उठला. कपाटात तोंड घालून त्याने डबी शोधली. ती समोरच होती, तरी बराच वेळ शोधली. मग वळला आणि डबी हातात धरून म्हणाला, "बाई, तो मीच. ही पत्रंही माझीच. चुकलं माझं."

टायपिस्टाची बोटं थांबली. बाई पाटी वाचत होत्या.

त्यांनी डबी घेतली, मशीन कानात बसवलं, बारीकसं बटण फिरवलं आणि पंख्याच्या आवाजाने दचकल्या. मग तोंडभर हसल्या. "आलं की! आत्ता काही म्हणालात का तुम्ही?"

"इथे सही करा," मसुदा म्हणाला.

बाई गेल्या. त्याने रजिस्टरमध्ये ती नोंद केली, जी आपण वाचलेली नाही. मग कोरा कागद ओढला. हात सवयीने चालला.

आदरणीय बाईंस,

विषय : गुण कमी करून मिळणेबाबत.

संदर्भ : इयत्ता सातवी, सहामाही परीक्षा, प्रश्न पाचवा.

उपरोक्त प्रश्नात दिलेले दहापैकी दहा गुण नजरचुकीने माझ्याकडे आले असून, ते आपण आपल्या हाताने, लाल शाईने, परत घ्यावेत, ही नम्र विनंती.