कुंभार्लीची वाट

"ताम्हिणी घाटानेच जायचं. माझ्या गाडीमागे राहा, वहिनी," धाकट्या दिराने बजावलं. नवरा गेल्यानंतर वृंदा प्रथमच पुण्याहून गुहागरला गाडी नेत होती. शेजारी सासूबाई बसल्या होत्या.

"गणपतीची गर्दी तुंबलीय तिकडे, भावजी. मी कुंभार्लीने जाते."

"तो घाट बाईमाणसाचा नव्हे!"

वृंदाने साताऱ्याकडे गाडी वळवली. घाटात धुकं एवढं दाटलं की पुढचा ट्रक दिसेना. तिने दिवे लावले आणि रस्त्याकडेची पांढरी पट्टी धरून गाडी हळूहळू पुढे नेली.

ती पोचली तेव्हा दीर ओटीवर चहा पीत होता. "मोकळी वाट लांबच पडली ना?" तो हसला.

"पडली. परत जातानाही तिथूनच जाणार."

दिराने आईकडे पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, "मी हिच्याच गाडीत बसणार."