चष्मेवाल्याचा मुक्काम

"सापडला मेला! इथंही आहे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पिवळ्या पडलेल्या पानावर बोट आपटलं.

समोरच्या म्हाताऱ्या कंपोझिटरने मान वर केली. छापखाना बंद पडून पंधरा वर्षं झाली होती. जुन्या अंकांच्या फायली आणि हा म्हातारा, दोघांनाही तिथून हलवायची तसदी कुणी घेतली नव्हती.

"कोण सापडला?"

"आमचे तीर्थरूप."

पानाच्या कोपऱ्यात चार ओळी होत्या. 'चष्मेवाले आले आहेत. स्टेशनसमोरच्या लॉजवर तीन दिवस मुक्काम. डोळे तुमचे, काळजी आमची.'

"ही शेवटची ओळ त्यांची स्वतःची," बाई म्हणाल्या. "घरीसुद्धा येताजाता म्हणायचे. काळजी आमची म्हणे! लोकांच्या डोळ्यांची काळजी, घरचे गेले खड्ड्यात."

बाईंनी पिशवीतून वही काढली. शाळेतून निवृत्त झाल्यापासून दोन वर्षं त्या गावोगावच्या वाचनालयांत धूळ खात बसल्या होत्या. चार गावांची चार साप्ताहिकं, अकरा वर्षं, आणि चष्मेवाल्याचे सदतीस मुक्काम. प्रत्येकाची तारीख वहीत नीट लिहिलेली. चारही गावं घरापासून बसने दोन-अडीच तासांवर.

"सदतीस वेळा आमच्या आजूबाजूला घिरट्या घातल्या. एकदा, फक्त एकदा घराकडे वळायचं होतं. आमच्यात काय खोट होती, तेवढं मला कळायला हवं, काका. तुमच्या फायली पूर्ण आहेत म्हणून आले. शेवटी कुठं गेला ते शोधते. मेला असेल तर निदान कुठं मेला ते कळेल."

"तुम्ही तेव्हा केवढ्या होतात?"

"दहा वर्षांची. फळा दिसायचा नाही. म्हणाले, या फेरीत तुझा चष्मा बनवून आणतो, गुरुवारी येतो. गेले ते गेलेच."

बाईंना सगळंच बोलायचं होतं.

"चार दिवस वाट बघून आई चौकीत सांगून आली. मग एक हवालदार घरी आला. विचारतो काय, तर घरात लहान मुलाला चष्मा आहे का? आई म्हणाली, नाही. वहीत लिहून घेऊन निघून गेला. चष्मेवाल्याच्या पोरीला चष्मा नाही, हे पोलिसांनासुद्धा खटकलं बघा!" बाई हसल्या. ते हसू काही खरं नव्हतं.

त्याच संध्याकाळी मामा शेजारच्या गावाहून पेपरातून फाडलेला एक कपटा घेऊन आला. ताजा अंक होता. चष्मेवाल्याचा मुक्काम आणखी तीन दिवस. आईने चौकीत निरोप धाडला, माणूस जिवंत आहे, शोधू नका. मग तिने खळ शिजवली, तो कपटा याच वहीच्या पहिल्या पानावर चिकटवला आणि नवऱ्याचं नाव टाकलं. मरेपर्यंत तिने ते घेतलं नाही, मुलीलाही घेऊ दिलं नाही. बाईंना चष्मा मिळाला तो पंधराव्या वर्षी. मामाने करून दिला.

कंपोझिटरने वही स्वतःकडे ओढली. एकेक तारीख वाचत गेला. त्याचा चेहरा उतरला.

"बाई, ही चारही साप्ताहिकं इथंच छापली जायची."

"मग?"

"पानात जागा उरली की ती बुजवायला काहीतरी लागतं. ही जाहिरात जुळवून ठेवलेली होती, मापात बरोब्बर बसायची. अक्षरांचे खिळे सोडवले नाहीत. भोक दिसलं की गावाचं नाव बदलायचं आणि हीच ठोकायची. लोक लॉजवर जायचे, लॉजवाला म्हणायचा, कालच गेला."

"काय बोलताय तुम्ही?"

"सदतीस वेळा मी आणला त्याला. तो एकदाच आला होता."

बाई खुर्चीत मागे टेकल्या. "खोटं. मामाने आणलेला कपटा ताजा होता."

"तोही माझाच असेल. तुमचे वडील मला सांगून गेले होते, आता छापू नका, उद्या घरी निघालो. खिशातून रुमालात गुंडाळलेला चष्मा काढून दाखवला. एवढासा, निळ्या काड्यांचा. म्हणाले, पोरीला फळा दिसत नाही. मी बरं म्हटलं. आणि त्याच आठवड्यात जागा उरली." त्याने हात चोळले. "आम्ही उलटी अक्षरं जुळवायचो, बाई. हात वाचायचे. अर्थ डोक्यापर्यंत जायचाच नाही."

"घरी निघाला होता, मग आला का नाही?" बाईंचा आवाज चढला. "अडीच तासांचा तर रस्ता!"

"ते मला कसं ठाऊक असणार?"

तो उठला. बावन्न वर्षांपूर्वीची फाईल त्याने धूळ झटकून टेबलावर ठेवली. त्या आठवड्याचा अंक सापडला. दुसऱ्या पानावर खाली तीच जाहिरात होती. शेवटच्या ओळीवर शाईचा डाग, वहीतल्या कपट्यावर होता तसाच. आईने चिकटवलेला कपटा याच अंकातला होता.

बाईंनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. मग पान उलटलं. जाहिरातीच्या बरोब्बर पाठीमागे, खळीखाली बावन्न वर्षं दबून राहिलेल्या जागी, चार ओळी होत्या.

'बुधवारी पुलाखाली अनोळखी पुरुषाचे प्रेत मिळाले. सामान चोरीस गेले असावे. खिशात फक्त रुमालात गुंडाळलेला लहान मुलाचा चष्मा, निळ्या काड्यांचा. ओळख पटल्यास जवळच्या चौकीत कळवावे.'