ज्याचा पैसा त्याचा रिपोर्ट

बेकरीवाल्याने होडीची किल्ली शिलाई मशीनवर ठेवली आणि म्हणाला, “ताई, मला ही होडी नको.”

तिने पाय थांबवला. कालपर्यंत हाच माणूस होडीला कोणता रंग द्यायचा ते ठरवत होता. आज सकाळी होडी तपासणाऱ्या सर्व्हेअरचा रिपोर्ट आला आणि दुपारी किल्ली परत. कुठेतरी पाणी मुरतंय हे कळायला फार अक्कल लागत नाही. आणि होडीत पाणी शिरलं की काय होतं, हे तिला कोणी सांगायला नको होतं.

रिपोर्टात काय निघालं, असं तिने विचारलं. तो म्हणाला, रिपोर्ट त्याने पैसे भरून करवून घेतलाय, दुसऱ्याला दाखवता येत नाही. हातावरचं पीठ विजारीला पुसत तो निघून गेला. जाताना एकदाही तिच्याकडे बघितलं नाही.

होडी तिच्या नवऱ्याची. गेल्या वर्षी तो एकटाच ती घेऊन गेला. होडी बंदराच्या तोंडाशी अर्धी बुडालेली मिळाली, त्याचा देह दुसऱ्या दिवशी. होडी ओढून आणून आवारात ठोकळ्यांवर ठेवली, वर ताडपत्री टाकली, आणि मग आत कोणी पाऊल घातलं नाही. जुनी होती, पाणी शिरलं असेल, असं सगळे म्हणाले.

नणंदेने त्याला पुढचं वाक्य जोडलं: “न तपासता घ्यायला लावली कोणी?”

लावली होती हिनेच. तेव्हाही आधीच्या एका गिऱ्हाइकाने सर्व्हे करून घेतलेला होता आणि तो रिपोर्ट दाखवायला तयार नव्हता. नवऱ्याचं म्हणणं, आपण आपला वेगळा करून घेऊ. हिने हात आखडता घेतला. “तरंगतेय ना? मग कशाला उगाच खर्च?” एवढंच बोलली होती. बिचारी वर्षभर तेच वाक्य उशाशी घेऊन झोपत होती.

तो तर किती नीटनेटका! पाण्याच्या पाइपला हात लावायचा तर आधी कॉक बंद, मग पाना. नळ गळत असो की पंखा उतरवायचा असो, निघालेले स्क्रू औषधाच्या एका जुन्या डबीत टाकायचा आणि वर झाकण लावायचा. ती चिडवायची, स्क्रूच आहेत, हिरे नाहीत. तो म्हणायचा, बारीकसारीक सांभाळलं की मोठं आपोआप सांभाळलं जातं. शेवटच्या काही महिन्यांत मात्र त्याचं बोलणंच आटलं होतं. सुटी मिळाली की होडीवर. होडीच्या कटकटींनी वैतागलाय, असं ती धरून चालली.

आता ती सर्व्हेअरच्या ऑफिसात गेली. तो टेबलावर आपला छोटा हातोडा पुसत बसला होता. त्याने शांतपणे नियम सांगितला. ज्याचा पैसा त्याचा रिपोर्ट. होडी तुमची असली तरी रिपोर्ट तुमचा नाही.

“मग माझ्या पैशाने नवा करा,” ती म्हणाली आणि नोटा पुढे सरकवल्या.

हा माणूस म्हणे फोनवर सल्ला दिला तरी बिल पाठवायचा. त्याने नोटा परत सरकवल्या. त्या होडीवर आता एक पैसाही घालू नका, मोडीत काढा, असं तो खिडकीकडे बघत म्हणाला. ती समजायचं ते समजली. इतकी सडलेली होती तर!

हे कानावर गेलं तेव्हा नणंद एवढंच म्हणाली, “आता तरी पटलं का, वहिनी?”  ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, पण इथे दोघींचंही जळत होतं.

मग ती रोज बेकरीत जाऊन उभी राहू लागली. काही घ्यायची नाही, भांडायची नाही. गिऱ्हाइकं तिला वळसा घालून पाव घेऊन जायची. शेवटी एकदा दुकान रिकामं झाल्यावर बेकरीवाला काउंटरबाहेर आला.

“ताई, तुमचा काही दोष नाही. एवढं माझं ऐका आणि घरी जा.”

“असं सगळेच म्हणतात, दया आली की. रिपोर्टात तसं लिहिलंय का? मला होडी विकायची नाही आता. मी त्याला मारलं की नाही, एवढंच मला वाचायचंय.”

 तो आत गेला, ट्रेखालच्या खणातून रिपोर्ट काढून आणला, तिच्या हातात दिला आणि पाठ फिरवून भट्टीकडे तोंड करून उभा राहिला.

तिने उभ्याउभ्याच वाचायला घेतलं. सांगाडा भक्कम. तळाला चीर नाही, कूज नाही. सांधे घट्ट. इंजिन दुरुस्त होण्याजोगे. तिने पुन्हा वाचलं, ओळीखाली नख धरून वाचलं. तरंगत होती! चांगली होती! वर्षभर छातीवर ठेवलेला दगड कोणी उचलून घेतल्यासारखं तिला झालं आणि ती तिथेच, पावांच्या रिकाम्या फळ्यांसमोर, रडत रडत हसली. नणंदेला आत्ताच्या आत्ता वाचून दाखवायचं म्हणून तिने फोन काढला. नंबर लावता लावता दुसऱ्या हाताने पान उलटलं.

मागच्या बाजूला शेवटची नोंद होती: ‘इंजिन थंड ठेवायला समुद्राचे पाणी आत घेणारा तळाचा पाइप सुटलेला. पाणी इथूनच शिरले. पाइप तुटलेला नाही. कॉक उत्तम, एका हाताने बंद होतो. पूर्ण उघडा आढळला. पाइपच्या क्लिपांचे दोन्ही स्क्रू शेजारच्या कप्प्यात मिळाले, औषधाच्या एका जुन्या डबीत, झाकण लावलेले.’